सासूला बाहेर पाठवणाऱ्या बाई

आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या बाई मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कामाला होत्या. तिसऱ्या मजल्यावर, बाळंतपणाच्या वॉर्डाच्या टोकाला त्यांची खोली होती आणि तिच्या दारावर पांढऱ्या रंगात 'समुपदेशक' असं लिहिलेलं होतं. वॉर्डातल्या एकाही बाळंतिणीला तो शब्द धड म्हणता येत नसे. सगळ्या त्यांना तांबीवाल्या बाई म्हणत. एकदा एका बाळंतिणीच्या थोरल्या मुलाने त्यांना विचारलं, तुमच्याकडे घागरी पण मिळतात का? बाईंनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. आपल्याकडची तांब्याची वस्तू पोटात बसते आणि बोटाच्या पेराएवढीच असते, असं त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. मूल निराश होऊन निघून गेलं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईजवळ बसायचं. पुढचं मूल कधी हवं, हवं की नको, हे तिला विचारायचं आणि नको असेल तर काय काय करता येतं ते सांगायचं. त्यासाठी त्यांच्याकडे रेक्झिनची एक पिशवी होती. तिच्यात गोळ्यांची पाकिटं, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची रिकामी बाटली, निरोध, तांबी आणि समजावून सांगायला गुलाबी रबराचं एक गर्भाशय असे. हाताळून हाताळून त्याच्या कडा काळवंडल्या होत्या. वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी त्याला बाईंचा पेरू म्हणत.

काम अवघड होतं ते जागेमुळे. वॉर्डात खाटेला खाट लागलेली. प्रत्येक खाटेशी एक स्टूल आणि स्टुलावर कुणाची तरी सासू, नाहीतर जाऊ, नाहीतर नणंद. बाळंतिणीला काहीही विचारलं की उत्तर स्टुलावरून येई. किती मुलं हवीत? स्टूल सांगे, देव देईल तितकी. दुखतंय का? स्टूल म्हणे, एवढं तर दुखणारच. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी एका मुलीला सगळ्यांसमक्ष तांबीची माहिती दिली होती. नणंद स्टुलावर बसून केळं खात ऐकत होती. संध्याकाळी नवरा आला आणि टाके ओले असतानाच बायकोला घेऊन गेला. ती मुलगी पुढच्या बाळंतपणाला आली तेव्हा तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. तिने बाईंना ओळख दाखवली नाही.

त्यानंतर बाईंनी आपली रीत बसवली. या नोकरीआधी त्या दारोदार फिरून शिवणयंत्रं विकत असत. दार उघडणारी एक असते आणि यंत्र चालवणारी दुसरी, आणि दोघी एका खोलीत असल्या तर विक्री होत नाही, हे त्या तिथेच शिकल्या होत्या. तेच त्यांनी वॉर्डात लावलं. आधी स्टूल रिकामं करायचं, मग बोलायचं. कुणाला जन्माची नोंद करायच्या खिडकीपुढे उभं करायचं, कुणाला बाळाच्या वजनाचा काटा खालच्या मजल्यावर आहे म्हणून सांगायचं, कुणाला गरम पाण्याला पाठवायचं. या कामात मावशी त्यांच्या हाताखाली होत्या. त्या फरशी पुसत पुसत स्टुलापाशी येत आणि आजीबाईंच्या पायाखालीच नेमकी बादली सांडत. दुपारच्या चहाला बाईंना विचारत, आज किती सासवा पिटाळल्या? बाई बोटं दाखवत.

स्टूल रिकामं झालं की बाई बाळंतिणीला हळूहळू चालवत आपल्या खोलीत नेत, दार लावत आणि एकच विचारत, तुला काय हवंय? बहुतेक मुली गोंधळून जात. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलेलाच नसे. एकीने तर झोप हवीय म्हणून सांगितलं आणि बाईंनी तिला तिथल्या बाकावर तासभर झोपू दिलं. कुणाला काही नको असे. तिला त्या तितक्याच हसतमुखाने परत नेत. अमुकच घे असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही आणि आतलं बोलणं कधी बाहेर गेलं नाही. एवढ्या वर्षांत कित्येक मुलींचं आयुष्य त्या लावलेल्या दारामुळे सावरलं, हे मी आधी सांगून ठेवते. पुढचं वाचताना ते विसरलं जाऊ नये.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका आजीचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक लांब टेबल आणि कोळशाची जड इस्त्री. आजी अंगाने सुक्या फांदीसारखी आणि आवाजाने गल्लीभर. डॉक्टरांचे पांढरे कोट तिच्याकडे येत आणि कोटाच्या खिशात राहिलेली पेनं ती ज्याची त्याला चार शब्द सुनावून परत करी. तिचा एकुलता एक मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणाला वॉर्डात आली. पहिला मुलगा होता, आता मुलगी झाली. ही सून बोलायला मऊ, बारीक चणीची, जिना चढताना दोनदा थांबणारी. लहानपणी ताप येऊन तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. पहिल्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. या वेळी बाळ झालं आणि तिला असा दम लागला की तिचे ओठ निळे पडले.

मोठ्या डॉक्टरांनी सासूला व्हरांड्यात बोलावून स्पष्ट सांगितलं. हिला पुन्हा दिवस गेले तर हिच्या हृदयाला ते झेपणार नाही. मूल बंद करायचं ऑपरेशन इतक्यात करता येणार नाही, कारण आत्ता भूल देण्यातच धोका आहे. काहीतरी दुसरं करा, पण करा. बाई शेजारीच उभ्या होत्या. आजीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं."

दोघी आत आल्या तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई त्याच ऑपरेशनला निघाली होती. तिच्या घरच्यांनी आजीला सहज विचारलं, तुमच्या सुनेचं पण करून टाकताय का? आजीने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं की आमच्या घरात असलं काही चालत नाही. बाईंनी मनाशी काय ठरवायचं ते तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आजीला जन्माच्या नोंदीच्या रांगेत उभं केलं. रांग त्या दिवशी जिन्यापर्यंत आली होती. सुनेला चाकाच्या खुर्चीतून खोलीत आणलं, दार लावलं. मुलीने विचारलं, मी मरेन का हो? बाईंनी खोटं सांगितलं नाही. पुन्हा दिवस गेले तर फार धोका आहे, म्हणाल्या, आणि पिशवीतली एकेक वस्तू टेबलावर मांडली. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते आणि घरात ठेवायला जागा लागते. तिच्या घरात एकच कपाट होतं आणि किल्ली आजीकडे. इंजेक्शनला दर तीन महिन्यांनी यावं लागणार. निरोध नवऱ्यावर अवलंबून. मुलीने तांबीकडे बोट दाखवलं. बाळंत होऊन दोन दिवस व्हायचे आहेत, तर आत्ताच बसवता येईल, बाई म्हणाल्या, पण एक नीट ऐक. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी क्वचित घसरून पडते. पडलेली कधी कळते, कधी कळत नाही. म्हणून दीडेक महिन्यानं इथं येऊन दाखवायचंच. मुलगी मान हलवत होती.

शेवटी तिने विचारलं, "घरी कळणार नाही ना? आई ऐकायच्या नाहीत."

आई म्हणजे सासू.

"माझ्या तोंडून नाही कळणार," बाई म्हणाल्या.

येण्याचं निमित्तही दोघींनी मिळून ठरवलं. त्याच सुमाराला बाळाला लस टोचायची असते, लसीची खोली त्याच मजल्यावर. बाळाला घेऊन यायचं आणि तेवढ्यात बाईंच्या खोलीत डोकावून जायचं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी तांबी बसवली. आजी रांगेतून परत आली तेव्हा सून डोळे मिटून पडली होती. आजीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि खिडकीवरच्या माणसाचा उद्धार करत स्टुलावर बसली.

दीड महिन्याने बाईंनी लसीच्या रांगेत पाहिलं तर बाळ आजीच्या कडेवर.

बाई जवळ गेल्या, बाळाचं कौतुक केलं, आई का नाही आली म्हणून विचारलं. आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कशाला तिला तीन जिने चढवायचे, म्हणाली, तुमची लिफ्ट तर माझ्या लग्नापासून बंद आहे. बाईंनी टाक्यांचा विषय काढला. टाके विरघळले, मी स्वतः पाहिलेत. हृदय तपासायला हवं, बाई म्हणाल्या. ते मी मोठ्या डॉक्टरांकडे दाखवते, त्यांचा स्वतःचा दवाखाना बाजारात आहे, तळमजल्याला. पण एकदा इथं पाठवलीत तर बरं, बाईंनी पुन्हा म्हटलं. आजी म्हणाली, "तुमच्याकडे काय काम तिचं?"

बाईंच्या तोंडाशी उत्तर होतं आणि दिलेला शब्दही होता. काही नाही, सहज, असं म्हणून त्या परत फिरल्या.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा त्या फार चिडलेल्या होत्या. म्हातारीने पोरीला घरात डांबून ठेवलंय, म्हणाल्या. टाकेसुद्धा स्वतः बघते म्हणे. आजारी माणसाला तीन जिने चढू न देणं ही माया असू शकते, हे त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. स्टुलावरची बाई कशी असते हे त्या इतकी वर्षं पाहत आल्या होत्या.

त्यांनी प्रयत्न सोडला नाही. सुनेजवळ फोन नव्हता, होता तो दुकानातल्या फळीवर, आजीच्या हाताशी. मग मावशींना कपडे घेऊन इस्त्रीला पाठवलं. मावशींनी तिथे चांगला वेळ काढला, आजीशी कॉलरच्या घडीवरून भांडण उकरलं आणि आजी कोळसे आणायला बाजूला वळताच दुकानामागच्या घराच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेला निरोप सांगितला. सुनेने मान हलवली. मी बरी आहे म्हणावं, सगळं ठीक आहे, जमलं की येते. मावशींनी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि वर आपलं मत जोडलं, की म्हातारी फाटक्या तोंडाची आहे पण पोरीच्या अंगावर चांगली लोकरीची शाल होती. बाईंनी ते कानाआड केलं.

जमलं की येते म्हणणारी सून आली नाही. तीन जिने, कडेवर बाळ, बाहेर पडायला निमित्त नाही आणि मनात पूर्ण विश्वास, की तांबी आहे.

त्या घरात पुढचे महिने काय चाललं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं. डॉक्टरांचं बोलणं आजीच्या छातीत रुतून बसलं होतं. मुलाशी या विषयावर बोलायची तिला लाज वाटे. इतकी वर्षं तो समोर आला की ती फक्त जेवलास का एवढंच विचारत आलेली. म्हणून तिने आपल्याला जमेल ते केलं. बाळ रात्री उठतं, हिला झोप मिळत नाही, असं सांगून तिने सुनेची खाट आपल्या खोलीत घेतली आणि स्वतःची खाट दाराला आडवी टाकली. मुलगा घरी यायचा झाला की त्याच्या मालकाला फोन करून लांबची खेप द्यायला विनवी. मुलगा भडकला. सुनेला वाटलं, सासू आपल्याला नवऱ्यापासून तोडतेय. आजारी सून नको झाली आहे हिला. नवरा घरी असला आणि आजी दुकानात गेली की दुपारी ती त्याच्याजवळ जात राहिली. निर्धास्तपणे गेली. एक म्हातारी दाराला खाट लावून जिला वाचवत होती, तीच दुसऱ्या वाटेने आपण वाचलोच आहोत असं समजत होती. दोघींनी एकमेकींना एक शब्द विचारला नाही.

तांबी कधी पडली ते तिला कळलं नाही. एकदा पोटात जोरात कळ आली होती आणि रक्त बरंच गेलं होतं एवढं तिला आठवत होतं. बाळ अंगावर पीत होतं, पाळी धड सुरू झाली नव्हती, त्यामुळे ती चुकल्याचंही कळायला मार्ग नव्हता. दम वाढला तो हृदयाचाच असं सगळ्यांना वाटलं. आजी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेत राहिली, औषधं बदलत राहिली. पायावर सूज आली. मग एक दिवस डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि तिथल्या तिथे गाडी बोलावून तिला आमच्या बाईंच्या हॉस्पिटलात पाठवलं. तोवर दिवस जाऊन चार महिने उलटले होते आणि पाचवा लागला होता.

बाई त्या वेळी वॉर्डात होत्या. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला त्यांनी लांबून ओळखलं आणि त्या मागोमाग गेल्या. सोनोग्राफीच्या खोलीत त्या आत शिरल्या तेव्हा आजी सुनेचा हात धरून उशाशी उभी होती. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत, जुने कागद चाळत, आपल्याच नादात म्हणाला की तांबी बसवल्याची नोंद आहे, पण तांबी कुठे दिसत नाही, पडून गेलेली दिसतेय.

"कसली तांबी?" आजीने विचारलं.

डॉक्टरच्या लक्षात काय झालं ते आलं आणि तो मशीनशी खाटखूट करू लागला. सुनेने मान भिंतीकडे वळवली. तशीच ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही रागवाल."

आजीने तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. इस्त्री तापत ठेवून आलेय, म्हणाली, रागवायला वेळ आहे कुणाला.

सुनेला वेगळ्या खोलीत नेलं. तिला उशांना टेकवून बसवलेलं असे. आडवी झाली की श्वास कोंडायचा. हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर रोज दोनदा बोलत. गर्भ राहू द्यायचा तर हृदय थकून जाणार, काढायचा तर त्या धक्क्यातच काही होईल. आधी फुफ्फुसातलं पाणी कमी करू, मग काढू, असं ठरलं. आजी खोलीबाहेर बाकावर बसून असे. दुकान बंद होतं. कोट न मिळालेले डॉक्टर चुरगळलेल्या कोटांत फिरत होते आणि तिच्यासमोरून जाताना मान खाली घालत होते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आजी बाईंच्या खोलीत आली. बाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. दार तिने स्वतःच लावून घेतलं.

"त्या दिवशी मला रांगेत तुम्हीच उभं केलंत ना?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो," बाई म्हणाल्या.

"का?"

बाईंनी सांगितलं, की तुम्ही नको म्हणाल असं वाटलं. वॉर्डात तुम्ही तसं बोलला होतात.

आजीचा आवाज त्या दिवशी गल्लीभर नव्हता. बाईंना तो कान देऊन ऐकावा लागला. शेजारच्या खाटेशी माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती म्हणाली. त्यांच्यासमोर काय सांगू? माझ्या सुनेचं काळीज निकामी आहे, तिला आता मूल होऊ द्यायचं नाही, असं सांगू? संध्याकाळपर्यंत माझ्या पोरासाठी दुसरी सुचवायला चार जण आले असते दारात. लोकांपुढे बोलायचं एक असतं नि घरात करायचं एक असतं. एवढ्या बायका बघता तुम्ही, हे तुम्हाला ठाऊक नाही?

बाईंनी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"मला विचारलं असतंत तर खांद्यावर घालून आणली असती मी तिला दर आठवड्याला. आणि तांबी तरी कशाला? पोराशी हे बोलायला माझी जीभ रेटत नव्हती, पण तुम्ही बरोबर असतात तर कान धरून आणलं असतं त्याला ऑपरेशनला. पुरुषाचं काय, दुपारी करून संध्याकाळी चालत घरी. माझा नवरा आला होता करून."

मग बाईंनी जे खरं होतं ते सांगितलं. शब्द मुलीने घेतला होता. घरी कळू देऊ नका असं तीच म्हणाली होती, आणि तिचा तो हक्क होता.

आजीने यावर बराच विचार केला. बाईंचं म्हणणं तिने उडवून लावलं नाही, हे बाई मला पुन्हा पुन्हा सांगत. ती शेवटी म्हणाली, "ती लेकरू आहे हो. ती मला भ्यायचीच. मी आहेच तशी. पण तुम्ही तिला एकदा तरी विचारायचं होतं, सासू खरंच तशी आहे का म्हणून. तिने मान हलवली असती, तर मग मला काढायचं होतं बाहेर."

एवढं बोलून ती दार उघडून गेली. जाताना तिने ते हलकेच लावलं.

सून दोन आठवडे जगली. पाणी कमी होत आलं होतं, डॉक्टरांनी दिवसही ठरवला होता. त्या दिवसाच्या आधीच एका सकाळी, फेरी सुरू व्हायच्या सुमाराला, तिने सासूकडे प्यायला पाणी मागितलं आणि ग्लास तोंडाशी जाईपर्यंत मान कलली. धावाधाव झाली. काही उपयोग झाला नाही. नवरा दुपारी पोचला. त्याला कुणी काय सांगायचं यावर दोन डॉक्टर व्हरांड्यात कुजबुजत होते, तोवर आजीनेच त्याला बाकावर शेजारी बसवून सांगितलं. अंगावर पिणारी मुलगी शेजारणीकडे होती. मावशींनी खोली पुसली. त्या दिवशी त्यांनी बादलीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

बाईंवर कुणी ठपका ठेवला नाही. त्यांच्या साहेबांनी कागद बघून सांगितलं की माहिती दिलेली आहे, परत येण्याबद्दल सांगितलेलं आहे, गुप्तता पाळलेली आहे, सगळं नियमाप्रमाणे आहे. ते खरंच होतं. बाईंना त्याने काही बरं वाटलं नाही. आठवडाभर त्या कामावर गेल्या नाहीत. आमच्याकडे येऊन बसत, चहा निवत ठेवत. एकदा म्हणाल्या, मी मशीन विकायची तेव्हा दार उघडणारीशी वाईट वागले नाही कधी. फक्त तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायची. मी त्यांना कामावर जा म्हटलं. वॉर्डात रोज नवी मुलगी येत होती हेही खरं होतं.

त्या गेल्या. पिशवी तीच, खोली तीच. फक्त आता दार लावल्यावर, कधी खाटेशीच कानात, पहिला प्रश्न वेगळा असे. बाहेर बसलेली तुझ्या बाजूची आहे का? तिला आत घ्यायचं का? काही मुली झटकन नाही म्हणत. काही जणी रडत. बऱ्याच जणी बुचकळ्यात पडत आणि मला माहीत नाही म्हणत. एखादी हो म्हणे, मग बाई स्वतः जाऊन सासूला हाताला धरून आत आणत. त्यातल्या एका सासूने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी जाऊन मुलाचे कान भरले. दुसऱ्या दिवशी ती सून वॉर्डातून नाहीशी झाली होती. बाईंनी तेही मला सांगितलं. विचारलं म्हणजे चुकत नाही असं नाही, म्हणाल्या. मावशी आता चहाच्या वेळी सासवांचा हिशेब विचारत नाहीत.

मी अलीकडे एकदा एका नातलग मुलीला भेटायला त्या वॉर्डात गेले होते तेव्हा बाई कामात होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या एका कोवळ्या मुलीच्या कानाशी वाकून त्यांनी काहीतरी विचारलं. मुलीने स्टुलावरच्या सासूकडे एक नजर टाकली आणि नकार दिला, अगदी थोडी मान हलवून. बाईंनी मान डोलावली. सासूला त्यांनी नम्रपणे व्हरांड्यात बसायला सांगितलं, कसलंही निमित्त न काढता. मुलीला आत नेलं, आणि बऱ्याच वेळाने एकट्याच बाहेर आल्या. आत डॉक्टरीणबाई तांबी बसवत होत्या.

बाकावर ती सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. जाडसर, घामेजलेली, तोंडाने काहीतरी पुटपुटत बाळाच्या तळपायावरून अंगठा फिरवणारी. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की त्या सासूला काय करावं कळेना. शेवटी ती जरा सरकली आणि तिने बाकावर बाईंना जागा करून दिली. बाई बसल्या. आतल्या मुलीला शब्द दिलेला होता. त्या दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या, आणि एकीनेही दुसरीला काही विचारलं नाही.